रामानुजन : पास झाल्यावर काय झालं?



श्रीनिवास रामानुजन म्हटलं की २२ डिसेंबर, गणित दिवस आणि फलकलेखन एवढं आपलं ठरलेलं असतं. आज मात्र त्याच्याकडे कॉलेजात शिकणारा एक मुलगा म्हणून बघूया. म्हणून अरे-तुरेच करूया, आपल्या वर्गातला समजून.

कुंभकोणमच्या टाउन हायस्कूलमध्ये बक्षिसं मिळवणारा हा मुलगा १९०४ मध्ये शिष्यवृत्ती घेऊन तिथल्या सरकारी कॉलेजात गेला. गणितात इतका बुडाला की इंग्रजीत नापास झाला आणि शिष्यवृत्ती गेली. वडील कापडाच्या दुकानात कारकून, फी भरणार कुठून? ऑगस्ट १९०५ मध्ये सतरा वर्षांचा रामानुजन घरी न सांगता विशाखापट्टणमला निघून गेला. परत आला, मद्रासच्या पचैयप्पा कॉलेजात नाव घातलं, आजारी पडला. एफ. ए. च्या परीक्षेत १९०६ मध्ये नापास, पुढच्या वर्षी पुन्हा नापास. डिग्री नाही, नोकरी नाही, वर १९०९ मध्ये लग्न. इथवरची गोष्ट आपण जिद्दीचं उदाहरण म्हणून सांगतो. पण जिद्दीइतकीच माणसंही होती बरं का! मद्रासमध्ये मित्रांनी त्याला आसरा दिला. नेल्लोरचे कलेक्टर रामचंद्र राव यांनी काही काळ खर्चाला दरमहा २५ रुपये दिले. १९१२ मध्ये पोर्ट ट्रस्टमध्ये ३० रुपयांची कारकुनी मिळाली, तिथेही वरिष्ठ गणित जाणणारे निघाले.

मग केंब्रिजच्या हार्डीला पाठवलेलं ते प्रसिद्ध पत्र, आणि एप्रिल १९१४ मध्ये विलायत. वर्षाला २५० पौंडांची शिष्यवृत्ती, ट्रिनिटी कॉलेज, १९१६ मध्ये पदवी. कागदावर सगळं उत्तम. आपण पालक इथेच सुटकेचा श्वास सोडतो ना?

आता जरा त्याच्या खोलीत डोकावून बघा. महायुद्ध सुरू आहे, भाजीपाला मिळायची मारामार. हा पक्का शाकाहारी, मेसमध्ये जेवत नाही, अवेळी कधीतरी स्वतः रांधून खातो. सलग कित्येक तास काम, मग तेवढीच झोप. तिथेच शिकणारे प्रशांतचंद्र महालनोबिस एकदा भेटायला गेले. हा रात्रभर थंडीने कुडकुडायचा, कारण ब्लँकेटं गादीखाली नीट खोचलेली असतात आणि त्यांच्या आत शिरून झोपायचं असतं हेच त्याला माहीत नव्हतं! तो वरच झोपत होता. इतकी साधी गोष्ट, पण विचारायची कुणाला?

एकदा त्याने मित्रांना जेवायला बोलावलं, स्वतः वाढलं. पाहुण्यांनी तिसऱ्यांदा रसम नको म्हटलं, तर हा गुपचूप बाहेर पडला तो थेट ऑक्सफर्डला. तिथून तार करून पैसे मागवले. विशाखापट्टणमला गेलेलं पोर आठवलं का? मधे दहा वर्षं गेली होती, कीर्ती झाली होती, पण मन दुखावलं की निघून जाणं तसंच होतं. मला ही गोष्ट त्याच्या कुठल्याही सूत्रापेक्षा महत्त्वाची वाटते.

घरून पत्रंही येईनाशी झाली होती. पुढे जानकीने सांगितलं, की तिची पत्रं सासूबाई पोचूच देत नव्हत्या. १९१७ मध्ये तो आजारी पडला, दवाखान्यांच्या फेऱ्या सुरू झाल्या, ट्रिनिटीची फेलोशिपही त्या वर्षी नाकारली गेली. १९१८ च्या सुरुवातीला लंडनमध्ये त्याने जीव द्यायचा प्रयत्न केला. सुदैवाने वाचला, पण पोलिसांनी पकडलं, कारण तेव्हा तिथे तो गुन्हा होता. हार्डीने धावपळ करून सोडवलं. हार्डी निष्ठुर नव्हता हो, रोज भेटत होता. बोलणं मात्र व्हायचं ते गणिताचं.

(होस्टेलवरचं मूल जेवण टाळतंय, फोन उचलत नाही, दिवसरात्र उलटी झालीय असं दिसलं, तर आधी मार्क विचारू नका. टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक दिवसरात्र सुरू असतो. वर्गात लावून ठेवा.)

मे १९१८ मध्ये रॉयल सोसायटीची फेलोशिप मिळाली, ऑक्टोबरात ट्रिनिटीचीही. मार्च १९१९ मध्ये बोट मुंबईला लागली. न्यायला आई आली होती. त्याने विचारलं ते जानकीबद्दल. ती नंतर आली आणि शेवटपर्यंत त्याच्याजवळ राहिली. छातीत, पायांत दुखायचं तेव्हा गरम पाण्याचे शेक द्यायची. २६ एप्रिल १९२० ला बत्तिसाव्या वर्षी तो गेला. त्या वर्षभरात अंथरुणावर पडूनच त्याने जे गणित लिहिलं, त्यावर गणितज्ञ आजही काम करताहेत. ते कागद जानकीने गोळा करून ठेवले होते.