'द जंगल'मधलं डुकरांचं चाक: अप्टन सिंक्लेअरने ते दाखवलं, ते थांबवणारा कायदा यायला ५२ वर्षं गेली

१९०६ साली अमेरिकेत एक कादंबरी आली आणि लोक ताटातल्या सॉसेजकडे संशयाने बघायला लागले. कादंबरीचं नाव 'द जंगल'. लेखक अप्टन सिंक्लेअर, वय वर्षं २७. पुढच्या चार महिन्यांत देशात अन्नाबद्दलचे दोन मोठे कायदे झाले. लिखाणाने सरकार कसं हलतं याचं उदाहरण म्हणून ही गोष्ट पत्रकारितेच्या वर्गात हमखास सांगतात. पण त्याच कादंबरीत डुकरं मारण्याचं एक वर्णन आहे, त्याचं पुढे काय झालं हे सहसा कुणी सांगत नाही.

सिंक्लेअरचा जन्म २० सप्टेंबर १८७८ चा, बाल्टिमोरचा. वडील दारूचे विक्रेते, आणि विकता विकता स्वतःच तिच्या आहारी गेलेले. आईचं माहेर मात्र पैसेवालं. त्यामुळे पोराचे काही दिवस ढेकणांनी भरलेल्या भाड्याच्या खोलीत जायचे, तर काही श्रीमंत नातेवाइकांच्या घरी. गरिबी आणि श्रीमंती एकाच घरात बघितलेला हा मुलगा पुढे समाजवादी झाला यात नवल नाही. १४ व्या वर्षी तो न्यूयॉर्कच्या सिटी कॉलेजात गेला आणि खर्च भागवायला विनोद नि साहसकथा लिहून विकायला लागला.

१९०४ मध्ये शिकागोच्या मांस कारखान्यांतल्या कामगारांचा संप फसला. 'अपील टू रीझन' या समाजवादी साप्ताहिकाने सिंक्लेअरला ५०० डॉलर आगाऊ दिले आणि या कामगारांवर कादंबरी लिहायला सांगितलं. तो सात आठवडे तिथे राहिला. जुने कपडे आणि हातात जेवणाचा डबा, एवढ्यावर तो कारखान्यांत फिरायचा. कुणी अडवायचं नाही.

तिथे त्याने ते चाक पाहिलं.

भलंमोठं लोखंडी चाक, त्याच्या कडेला कड्या. कामगार डुकराच्या मागच्या एका पायाला साखळी अडकवायचा, साखळीचं दुसरं टोक चाकाच्या कडीत. चाक फिरलं की डुक्कर उलटं हवेत. तिथून ते सरकत्या रांगेत लागायचं, पुढचा माणूस गळा चिरायचा आणि रक्त निथळलं की उकळत्या पाण्याचा हौद. हे सगळं होताना डुक्कर पूर्ण शुद्धीवर असायचं. एका पायावर लटकलेल्या शेकडो डुकरांचा आवाज, आणि वरच्या सज्जात हे बघायला आलेले पाहुणे! होय, ते तेव्हा शिकागोचं पर्यटनस्थळ होतं.

त्याच कादंबरीत बैलांना आधी डोक्यात घण घालून खाली पाडतात. मग डुकरांना का नाही? मला कळतं ते असं: बैलाचं धूड शुद्धीवर असताना आवरणं अवघड. डुक्कर तसंच उचलता येत होतं, म्हणून उचललं.

सिंक्लेअरला मात्र डुकरांची बाजू मांडायची नव्हती. त्याचा नायक, लिथुआनियाहून आलेला युर्गिस, हे बघून आपण डुक्कर नाही म्हणून सुटकेचा श्वास सोडतो. कारखानदारांच्या लेखी आपणही तेच होतो, हे त्याला फार उशिरा कळतं. डुक्कर इथे कामगाराचं रूपक होतं. वाचकांनी तेही बाजूला ठेवलं आणि आपल्या पोटात काय जातंय एवढंच पाहिलं. सिंक्लेअरने ही खंत पुढे बोलूनही दाखवली.

राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी चौकशीला माणसं पाठवली आणि ३० जून १९०६ ला मांस तपासणी कायद्यावर सही केली. मारण्याआधी आणि नंतर तपासणी, कारखान्यात स्वच्छता. चाक फिरतच राहिलं.

सिंक्लेअरचं पुढचं आयुष्य म्हणजे वेगळ्या पाच लेखांचा ऐवज. सुमारे ९० पुस्तकं. १९३४ मध्ये कॅलिफोर्नियाच्या गव्हर्नरपदाची निवडणूक लढवून हरला. १९४३ मध्ये पुलित्झर मिळालं. 'देअर विल बी ब्लड' हा सिनेमा त्याच्याच 'ऑइल!'वरून घेतलेला. आणि आपल्या भगतसिंगांनी तुरुंगातून मागवलेल्या पुस्तकांत त्याचं 'द स्पाय' होतं.

१९५८ च्या ऑगस्टमध्ये, सिंक्लेअर ७९ वर्षांचा असताना, आयझेनहॉवर यांनी जनावरांच्या कत्तलीतली क्रूरता कमी करणाऱ्या कायद्यावर सही केली. सिनेटर ह्यूबर्ट हम्फ्री यांनी तो लावून धरला होता. साखळी अडकवण्याआधी, उचलण्याआधी, कापण्याआधी जनावर बेशुद्ध हवं, ही त्याची मुख्य अट. यालाच या धंद्यात 'स्टनिंग' म्हणतात. ब्रिटनने यासाठी १९३३ मध्येच कायदा केला होता.

डुकरांसाठी मुख्यतः दोन पद्धती आहेत. एक, डोक्याच्या दोन्ही बाजूंना विजेचा चिमटा. मेंदूतून प्रवाह गेला की शुद्ध क्षणात हरपते. युरोपच्या नियमात किमान १.३ अँपिअर लागतात. चिमटा चुकीच्या जागी बसला किंवा प्रवाह कमी पडला, तर डुक्कर जागं आणि हलता न येणारं, अशी भयंकर अवस्था होऊ शकते. शिवाय ही बेशुद्धी तात्पुरती असते, गळा काही सेकंदांत चिरावा लागतो.

दुसरी, कार्बन डायऑक्साइड. डुकरांना गटाने वायूच्या खड्ड्यात उतरवतात. एकेकाला वेगळं करून पकडावं लागत नाही, हा खरा फायदा, कारण कळपातून तोडलं की डुक्कर बिथरतं. पण हा वायू नाकाच्या ओल्या त्वचेवर आम्ल बनतो. शुद्ध जाईपर्यंत डुकरं धापा टाकतात, पळायला बघतात, ओरडतात. युरोपियन अन्नसुरक्षा संस्थेनेही २०२० मध्ये ही पद्धत वेदनादायक असल्याचं नोंदवलं. आर्गॉनचा त्रास कमी, पण तो महाग आणि वेळखाऊ. म्हणून बऱ्याच मोठ्या कारखान्यांत आजही कार्बन डायऑक्साइडच आहे.

डिसेंबर १९६७ मध्ये राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी मांस तपासणीचा नवा कायदा केला, तेव्हा ८९ वर्षांच्या सिंक्लेअरला सहीच्या समारंभाला बोलावलं होतं. हा कायदाही खाणाऱ्यांसाठीच होता. पुढच्या वर्षी, २५ नोव्हेंबर १९६८ ला, तो गेला. १९५८ चा बेशुद्धीचा नियम तोवर फक्त सरकारला मांस विकणाऱ्या कंपन्यांना बंधनकारक होता. केंद्रीय तपासणीखालच्या सगळ्याच कत्तलखान्यांना तो लागू झाला १९७८ मध्ये.