एका डासाचा एक आणा

पावसाळा आला की आपल्या सोसायटीत पाठीला मशीन लावलेला माणूस धूर सोडत फिरतो. आपण खिडक्या लावतो, नाक मुरडतो आणि पुन्हा मोबाइलमध्ये डोकं घालतो. ताप आलाच तर कोपऱ्यावरच्या लॅबमध्ये जाऊन सुई टोचून घ्यायची, संध्याकाळी व्हॉट्सअॅपवर रिपोर्ट. गेल्या जुलैत नेरूळच्या पीजीत मी हे सगळं केलंय. मलेरिया पॉझिटिव्ह असं वाचल्यावर मला चिंता होती ती फक्त इंटर्नल बुडण्याची.

आता जरा कल्पना करा. तुम्ही धडधाकट आहात. एक लष्करी डॉक्टर तुमच्यासमोर पाण्याची बाटली धरतो. त्या पाण्यात डास मेलेत, आणि मरण्याआधी ते मलेरियाच्या पेशंटचं रक्त प्यायलेत. डॉक्टर सांगतो, हे पी, ताप येतो का बघायचंय. आला तर औषध आहे माझ्याकडे. प्याल?

१८९५ साली सिकंदराबादला एक तरुण प्यायला. इंग्रजांच्या कागदांत त्याचं नाव लचमन असं आहे, म्हणजे आपल्याकडचा लक्ष्मण. आणि बाटली धरणारा डॉक्टर म्हणजे रोनाल्ड रॉस. शाळेच्या पुस्तकात मलेरियाच्या धड्यात एका ओळीत येऊन जातो, तोच.

रॉस जन्माने इथलाच. १३ मे १८५७, अल्मोडा. मेरठला उठाव होऊन तीनच दिवस झाले होते आणि याचे वडील इंग्रजी फौजेतले अधिकारी. पोराला डॉक्टर व्हायचंच नव्हतं. कविता, चित्रं, संगीत आणि गणित यांत जीव अडकलेला. वडिलांनी लंडनच्या सेंट बार्थोलोम्यू हॉस्पिटलमध्ये अडकवलं (ओळखीचं वाटतंय ना?). अभ्यासात यथातथा, एका परीक्षेत आपटलाही. १८८१ मध्ये इंडियन मेडिकल सर्व्हिसमध्ये लागला आणि पुढची बरीच वर्षं नोकरी करता करता कादंबऱ्या लिहीत राहिला.

गाडी रुळावर आली ती १८९४ मध्ये, सुट्टीवर लंडनला गेल्यावर. तिथे पॅट्रिक मॅन्सन नावाचा डॉक्टर भेटला. मलेरियाचा परजीवी फ्रेंच डॉक्टर लाव्हरानने अल्जीरियात १८८० मध्येच माणसाच्या रक्तात पाहिला होता. रॉसचा त्यावर फारसा विश्वास नव्हता. मॅन्सनने त्याला मायक्रोस्कोपखाली तो दाखवला. पण हा जीव एका माणसातून दुसऱ्यात जातो कसा, हे कोणालाच ठाऊक नव्हतं. मॅन्सनला डासाचा संशय होता. चीनमध्ये असताना त्याने स्वतःच्या माळ्याला, ज्याच्या रक्तात हत्तीरोगाचे जंतू होते, डासांकडून चावून घेतलं होतं आणि ते जंतू डासाच्या पोटात वाढताना पाहिले होते. त्याचा अंदाज असा की डास रक्त पितो, पाण्यात जाऊन मरतो आणि ते पाणी माणूस पितो. अर्धा बरोबर, अर्धा चूक. बाटली आली ती या चुकीच्या अर्ध्यातून.

एप्रिल १८९५ मध्ये रॉसची बोट मुंबईला लागली. सामान कस्टममधून सुटायच्या आधीच हा पठ्ठ्या मलेरियाचे पेशंट शोधत सरकारी इस्पितळात जाऊन रक्ताचे नमुने बघत बसला. तिथून पुढे सिकंदराबाद. तेव्हा ते निजामाच्या राज्यात होतं, ज्या राज्यात आपला मराठवाडाही होता. तिथल्या छावणीत त्याची नेमणूक झाली आणि लगेचच बाटल्या भरायला लागल्या.

लक्ष्मणला काही दिवसांनी ताप आला. रॉस हरखला. पण ताप आपोआप उतरला. मग आणखी काही जणांना तेच पाणी पाजलं, बहुतेकांना काहीच झालं नाही. होणार कसं? मलेरियाचा परजीवी डासाच्या लाळेतून थेट रक्तात शिरावा लागतो. पोटात गेलेला मेला डास तुम्हाला मलेरिया देत नाही. किळस आली तरी.

हे करणं योग्य आहे का, हा प्रश्न रॉसला पडला होता. मॅन्सनला लिहिलेल्या पत्रात त्याने स्वतःची बाजू मांडलीय. तिचा मथितार्थ असा की, यश आलं तर त्याचं मोल फार मोठं आहे आणि क्विनाइन कायम हाताशी आहे, म्हणून हा प्रयोग करायला हरकत नाही. मी हे दोन-तीनदा वाचलं. हिशेब चुकीचा म्हणता येत नाही, पण तो मांडला कोणी? गोऱ्या लष्करी साहेबाने विचारल्यावर छावणीतला गरीब माणूस नाही म्हणू शकत होता का? हो म्हणणाऱ्याला आपण व्हॉलंटिअर म्हणतो. त्या काळात हा शब्द जरा जपून वापरावा, असं मला वाटतं.

सगळेच असे नव्हते म्हणा. पुढे बंगळुरूला अप्पिया नावाचा असिस्टंट सर्जन स्वतःहून पुढे आला. त्याला काय होऊ शकतं हे पक्कं माहीत होतं. पेशंटचं रक्त प्यायलेले डास त्याने स्वतःला चावून घेतले. काही झालं नाही, कारण डासांची जातच चुकीची होती. दोन वर्षं रॉस करड्या आणि पट्टेवाल्या डासांच्या मागे होता, आणि मलेरिया पसरवते ती ॲनाफिलीसची मादी. दरम्यान उटीजवळच्या सिगूर घाटात रॉसला स्वतःलाच मलेरिया झाला. प्रयोग म्हणून नाही, असाच, आपल्याला होतो तसा.

१८९७ च्या उन्हाळ्यात तो पुन्हा सिकंदराबादला आला. बेगमपेटच्या लष्करी इस्पितळात पंखा बंद ठेवून काम, कारण वाऱ्याने कापलेले डास उडून जायचे. घामाने मायक्रोस्कोपचे स्क्रू गंजले, भिंगाला तडा गेला. ऑगस्टमध्ये ठिपकेदार पंखांचे डास हाती लागले. आता त्यांना पाजायला मलेरियाचं रक्त हवं होतं. ते हुसेन खानने दिलं.

हुसेन खान आधीपासून मलेरियाने आजारी होता, त्याला कोणी मुद्दाम आजारी पाडलं नव्हतं. १६ ऑगस्टला त्याला मच्छरदाणीत ठेवून आत डास सोडले. चावणाऱ्या एका डासामागे एक आणा असा भाव. दहा डास चावले, दहा आणे मिळाले. रॉस रोज एकेक डास कापत गेला. २० ऑगस्टला, डास जवळपास संपत आले असताना, एकाच्या पोटाच्या भिंतीत त्याला गोल पेशी दिसल्या. पेशींत काळे कण होते, अगदी मलेरियाच्या परजीवीत असतात तसे. मलेरिया डासात राहतो, हे पहिल्यांदा माणसाच्या डोळ्यांना दिसलं.

पण अर्धीच गोष्ट झाली. डासातून माणसात कसा जातो, ते दाखवायचं होतं. तेवढ्यात राजपुतान्यात बदली, पाच महिने वाया. १८९८ च्या सुरुवातीला कोलकात्याला लॅब मिळाली, पण पेशंट मिळेनात. पैसे देऊनही कोणी बोट पुढे करेना. याचं कारण आपल्याकडे होतं. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला. भायखळ्याला हाफकिनने प्लेगची लस केली, १० जानेवारी १८९७ ला आधी स्वतःला टोचली आणि मग तुरुंगातल्या कैद्यांना. पुण्यात प्लेगच्या नावाखाली घरात घुसणाऱ्या रँडचा जूनमध्ये खून झाला. सरकारी डॉक्टर आणि सुई, दोन्हींची धास्ती देशभर पसरली. १८९८ मध्ये प्लेग कोलकात्याला पोहोचला तेव्हा लसीच्या अफवांवरून तिथे दंगलीच झाल्या. अशात बोटात सुई टोचायला आलेल्या साहेबाला कोण उभं करणार?

माणसं नाही म्हणाली, म्हणून रॉस चिमण्यांकडे वळला. पक्ष्यांनाही त्यांचा वेगळा मलेरिया होतो. मोहम्मद बक्श हा त्याचा मदतनीस डास आणि पक्षी जमवायचा. जुलै १८९८ मध्ये रॉसला परजीवी डासाच्या लाळग्रंथीत सापडला, आणि तो डास चावल्यावर निरोगी चिमण्या आजारी पडल्या. कोडं सुटलं. ज्यांनी हो म्हटलं त्यांच्यावरचे प्रयोग फसले होते आणि ज्यांनी नाही म्हटलं त्यांच्यामुळे त्याला सोपी वाट सापडली. इतिहासात असं लिहिलेलं मला तरी कुठे दिसलं नाही, पण घडलं असंच.

माणसावरचा पुरावा इटालियनांनी दिला, त्याच वर्षाअखेर रोममध्ये. १९०० मध्ये मॅन्सनने रोमहून संसर्ग झालेले डास लंडनला मागवले आणि स्वतःच्या मुलाला चावू दिले. मुलगा मेडिकलचा विद्यार्थी, तुमच्याच वयाचा. त्याला मलेरिया झाला, क्विनाइनने बरा झाला आणि काही महिन्यांनी ताप पुन्हा उलटला.

आज हेच काम नियमांत बसवून होतं. ऑक्सफर्डमध्ये व्हॉलंटिअरला पाच संसर्गित डास चावू देतात, रोज तपासणी करतात, रक्तात परजीवी दिसताच औषध देतात. आर२१ ही मलेरियाची लस अशा चाचण्यांतूनही गेली. ती बनते आपल्या पुण्यात, सीरममध्ये. आपल्याकडे असे प्रयोग करू द्यायचे का, आणि दिले तर व्हॉलंटिअरला किती पैसे द्यायचे, यावर आयसीएमआरने २०२३ मध्ये मसुदा काढला. पैशांचा प्रश्न जुनाच आहे. कमी दिले तर शोषण, जास्त दिले तर आमिष.

रॉसला १९०२ चं नोबेल मिळालं. नंतरची वर्षं त्याने श्रेयावरून भांडण्यात घालवली. आधी इटलीच्या ग्रासीशी, मग मॅन्सनशीही. माणूस चिडका होता, पण एकदम कोरडाही नव्हता. पंजाबात लसीनंतर धनुर्वाताने १९ जण दगावले आणि त्याचं खापर हाफकिनवर फुटलं, तेव्हा त्याच्या बाजूने वर्तमानपत्रात लिहिणारा रॉसच होता. १६ सप्टेंबर १९३२ ला तो लंडनमध्ये वारला.

२० ऑगस्टला जागतिक मच्छर दिन असतो. तुमच्या कॉलेजच्या एनएसएस ग्रुपवर कदाचित पोस्टरही येईल, रॉसच्या मिशीवाल्या फोटोचं. हुसेन खान मच्छरदाणीत बसला ती तारीख त्याच्या चार दिवस आधीची.