डॉ. वसंत खानोलकर : कॅन्सरच्या रिपोर्टमधली 'ग्रेड' ज्यांच्या शास्त्रातून येते

कानाखाली किंवा जबड्याखाली एक गाठ येते. दुखत नाही, म्हणून काही महिने तिकडे दुर्लक्ष होतं. मग मालवण-वेंगुर्ल्याचा पेशंट गोव्यातलं बांबोळी नाहीतर मुंबईतलं परळ गाठतो. तपासणी होते आणि रिपोर्टमध्ये लाळग्रंथीच्या कॅन्सरपुढे दोन शब्द असतात : 'लो ग्रेड' किंवा 'हाय ग्रेड'.

ऑपरेशन किती मोठं होणार, रेडिएशन लागणार का, हे बरंचसं या दोन शब्दांवर ठरतं. ते लिहिणारा पॅथॉलॉजिस्ट मात्र पेशंटला बहुतेक वेळा दिसतच नाही.

भारतात या शास्त्राची घडी बसवणाऱ्या माणसाचं नाव होतं डॉ. वसंत रामजी खानोलकर. वेंगुर्ला तालुक्यातल्या खानोली गावाची ओळख सांगणारं हे आडनाव. त्यांना भारतीय पॅथॉलॉजीचे जनक म्हटलं जातं.

लंडनहून परळला

खानोलकरांचा जन्म १३ एप्रिल १८९५ चा. १९२३ मध्ये त्यांनी लंडन विद्यापीठातून पॅथॉलॉजीतली एमडी पदवी मिळवली. त्याच्या तीनच वर्षं आधी, १९२० मध्ये, अमेरिकेत अल्बर्ट ब्रॉडर्स यांनी ओठाच्या कॅन्सरची चार ग्रेडमध्ये विभागणी केली होती. कॅन्सरच्या पेशी मूळ निरोगी पेशींसारख्या दिसत असतील तर आजार सौम्य, आणि जितक्या वेगळ्या तितका तो आक्रमक, असा त्यामागचा विचार. आजची ग्रेड याच विचारातून पुढे आली.

भारतात परतल्यावर खानोलकरांनी ग्रँट मेडिकल कॉलेज आणि सेठ जी. एस. मेडिकल कॉलेजमध्ये शिकवलं. टाटा मेमोरियल हॉस्पिटल १९४१ मध्ये सुरू झालं आणि तिथल्या प्रयोगशाळा व संशोधनाची जबाबदारी त्यांच्याकडे आली.

एक हजार पेशंट

१९४४ मध्ये त्यांनी मुंबईतल्या तोंडाच्या कॅन्सरच्या सलग १००० केसेसचा आढावा प्रसिद्ध केला. पुढच्याच वर्षी त्यांनी लोकांच्या सवयींशी जोडलेल्या कॅन्सरवर लिहिलं. त्यात कंबरेला घट्ट बांधलेल्या धोतराच्या जागी होणारा त्वचेचा कॅन्सरही होता. १९५५ मध्ये एल. डी. संघवी आणि के. सी. एम. राव यांच्यासोबत त्यांनी तंबाखू ओढणं-चघळणं आणि तोंड-घशाचा कॅन्सर यांचा संबंध मांडला.

लाळग्रंथीचा कॅन्सर इथे वेगळा ठरतो. तो तुलनेने दुर्मीळ आहे आणि तंबाखूशी त्याचं नातं तितकं थेट नाही. त्यामुळे कधीही तंबाखू न खाल्लेल्या माणसालाही तो होऊ शकतो.

ग्रेडने नेमकं काय बदलतं?

लाळग्रंथीच्या कॅन्सरचे अनेक प्रकार आहेत. त्यातला सर्वाधिक आढळणारा म्हणजे म्युकोएपिडरमॉइड कार्सिनोमा. पेशी किती वेगाने विभागतायत, मेलेल्या पेशींचे पट्टे आहेत का, कॅन्सर नसांभोवती शिरलाय का, हे बघून त्याची ग्रेड ठरते.

लो ग्रेडची लहान गाठ पूर्ण निघाली आणि कडा स्वच्छ आल्या, तर अनेकदा ऑपरेशन पुरेसं होतं. पाच वर्षांनंतर असे दहापैकी साधारण नऊ पेशंट हयात असतात. हाय ग्रेडमध्ये हे प्रमाण निम्म्याच्या आसपास येतं. तिथे मानेतल्या गाठीही काढाव्या लागतात आणि नंतर सहसा रेडिएशन दिलं जातं.

कानापुढच्या ग्रंथीतून चेहऱ्याची नस जाते. ती वाचली तर डोळा मिटतो, हसू सरळ राहतं. नस आधीपासून काम करत असेल आणि कॅन्सरने वेढलेली नसेल, तर सर्जन ती वाचवण्याचा प्रयत्न करतात.

ग्रेड आणि स्टेज एक नव्हेत. ग्रेड पेशींचा स्वभाव सांगते, स्टेज आजार किती पसरला ते सांगते. निर्णय दोन्ही बघून होतो. सुईने काढलेल्या नमुन्यात ग्रेड नेहमी नीट कळत नाही, कधी ती ऑपरेशननंतरच पक्की होते. ॲडेनॉइड सिस्टिकसारखा प्रकार तर हळू वाढतो, पण कित्येक वर्षांनी फुप्फुसात दिसू शकतो. म्हणून 'लो ग्रेड' वाचून तपासण्या सोडायच्या नसतात.

मागे राहिलेलं काम

१९५२ मध्ये परळला इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटर उभं राहिलं. खानोलकर त्याचे पहिले संचालक. कमल रणदिवे यांच्यासारख्या संशोधक त्यांच्या मार्गदर्शनाखाली घडल्या. देशातल्या पॅथॉलॉजिस्टांच्या संघटनेचे ते संस्थापक अध्यक्ष होते. पद्मभूषण मिळालं, मुंबई विद्यापीठाचं कुलगुरूपदही आलं. २९ ऑक्टोबर १९७८ रोजी त्यांचं निधन झालं.

आज दुसऱ्या हॉस्पिटलमध्ये मत घ्यायला जाताना नुसता रिपोर्ट नेऊ नका. काचेच्या स्लाइड्स आणि मेणात जपलेला ब्लॉकही मागून घ्या. दुसरा पॅथॉलॉजिस्ट तोच तुकडा पुन्हा बघू शकतो, आणि कधी कधी ग्रेड बदलते. ग्रेड बदलली की उपचारही बदलू शकतात.