घडवलेली प्रयोगशाळा सुटली, पण आकाशाचा नाद सुटला नाही : ब्रुनो रॉसी

जून महिन्यात आभाळ मोकळं असेल तर रात्री दक्षिणेला नांगी वळवलेला विंचू दिसतो. ती वृश्चिक रास. तिथून क्ष-किरण येतात, हे १९६२ साली जगाला कळलं. त्यामागं डोकं होतं ब्रुनो रॉसी यांचं.

रॉसी यांचा जन्म १९०५ चा, इटलीतल्या व्हेनिसचा. १९३२ मध्ये ते पादुआ विद्यापीठात प्राध्यापक झाले. तिथं भौतिकशास्त्राची नवी संस्था त्यांनी मन लावून उभी केली. पण १९३८ मध्ये मुसोलिनी सरकारनं ज्यूंविरुद्ध कायदे केले आणि रॉसी यांची नोकरी गेली. त्याच वर्षी लग्न झालेलं. पत्नी नोरा यांना घेऊन त्यांनी देश सोडला. डेन्मार्क, इंग्लंड करत ते अमेरिकेत पोहोचले. युद्धकाळात अणुबॉम्बच्या प्रकल्पावर काम केलं. १९४६ मध्ये एमआयटी या विद्यापीठात त्यांनी पुन्हा पहिल्यापासून संशोधकांचा गट बांधला.

दवाखान्यात हाडाचा फोटो काढतात ते क्ष-किरण. आकाशातून येणारे हे किरण हवेतच अडतात, जमिनीवर पोहोचत नाहीत. म्हणून यंत्र हवेच्या वर न्यायला रॉकेट लागतं. सूर्यासारखे तारे इतके लांब, की त्यांचे क्ष-किरण सापडणारच नाहीत, असं बहुतेकांचं मत होतं. रॉसी यांचं म्हणणं साधं होतं : बघितल्याशिवाय कसं कळणार?

१९५९ मध्ये त्यांनी हे काम रिकार्दो जॅकोनी या तरुणाला सुचवलं. नासानं पैसे दिले नाहीत. हवाई दलानं दिले, तेही चंद्राच्या अभ्यासासाठी. १९६१ मध्ये रॉकेट उडालं, पण यंत्रावरची झाकणंच उघडली नाहीत. सगळी मेहनत पाण्यात गेली.

१८ जून १९६२ च्या मध्यरात्रीच्या सुमारास न्यू मेक्सिकोतून पुन्हा रॉकेट सुटलं. सुमारे २२५ किलोमीटर वर गेलं. मोजायला मिळाली जेमतेम सहा मिनिटं. चंद्राचे किरण काही सापडले नाहीत, पण वृश्चिक राशीच्या बाजूनं क्ष-किरणांचा मोठा झोत आला. एक नवं शास्त्रच सुरू झालं. पुढं एमआयटीतही रॉकेट आणि फुगे सोडून हे संशोधन वाढलं.

या कामासाठी जॅकोनींना २००२ मध्ये नोबेल मिळालं. रॉसी १९९३ मध्येच वारले होते. मात्र १९९५ च्या डिसेंबरात नासानं सोडलेल्या क्ष-किरण उपग्रहाला रॉसी यांचंच नाव दिलं गेलं. पूर्वी पैसे नाकारणारी नासा ती हीच.