फिरोजशाह बहमनी : दौलताबादला वेधशाळा बांधायला निघालेले सुलतान

नमाजच्या वेळा, किब्ल्याची दिशा, रमजानचा चांद... या गरजांमुळे मुसलमानांनी आकाशाचा बारकाईने अभ्यास केला. भिवंडीत आपण आजही ईदचा चांद शोधतो. हा वारसा महाराष्ट्रातही जुना आहे.

फिरोजशाह बहमनी १३९७ मध्ये गुलबर्ग्याच्या गादीवर आले. शिराजचे मीर फजलुल्लाह इंजू त्यांचे उस्ताद. इतिहासकार फरिश्ता लिहितो, की सुलतान आठवड्यातून तीन दिवस स्वतः भूमिती शिकवायचे. १४०७ च्या सुमारास त्यांनी दौलताबादजवळच्या घाटात वेधशाळेचं काम काढलं. समरकंदची उलुग बेगची वेधशाळा त्यानंतरची! पण जाणकार हकीम हसन गिलानी वारले आणि काम अर्धवट राहिलं. १४२२ मध्ये सुलतानही गेले.

इल्म एकाच माणसापाशी राहिलं, तर त्याच्यासोबतच थांबतं. म्हणून चांद दाखवताना मुलांना त्याचा हिशेबही शिकवूया.