रेव्हरंड टिळकांचा जुना करार

माझे गाव शनिशिंगणापूर, नेवासे तालुक्यातले. ज्या नेवाशात ज्ञानदेवांनी गीतेचा अर्थ मराठीत उलगडला ते एका बाजूस. दुसऱ्या बाजूस राहुरी, जेथे रेव्हरंड नारायण वामन टिळक काही काळ राहिले. फुलामुलांचे कवी म्हणून आपण त्यांना शाळेपासून ओळखतो. पण जुन्या ग्रंथाचा अर्थ लावता लावता माणूस आपली ओळख कशी घडवतो, हे मला त्यांच्याच चरित्राने शिकवले.

एकाच ग्रंथाने दोन समाज घडल्याचे उदाहरण इतिहासात आहे. इ. स. ७० मध्ये रोमनांनी जेरुसलेमचे मंदिर पाडले. पुढे ज्यू धर्मगुरूंनी शास्त्राचे पठण आणि विवरण हाच समाजाचा आधार केला. ख्रिस्ती लोकांनी तीच शास्त्रे येशूच्या आगमनाची भाकिते म्हणून वाचली व त्यांना ‘जुना करार’ म्हटले. यशयाच्या ५३व्या अध्यायातील दुःख सोसणारा सेवक ख्रिस्ती वाचकाला येशू वाटतो. अनेक ज्यू भाष्यकारांना तो खुद्द इस्राएल समाज वाटतो. आपल्या कोकणातील बेने इस्राएल लोकही शास्त्राज्ञेप्रमाणे शनिवारी तेलाचा घाणा बंद ठेवीत. म्हणून लोक त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत.

त्याच कोकणात, करजगाव येथे, ६ डिसेंबर १८६१ रोजी टिळकांचा जन्म झाला. घराणे ब्राह्मणाचे, संस्कृतचे अध्ययन नाशिकचे. पुढे आगगाडीच्या प्रवासात एका सहप्रवाशाने त्यांना नवा करार दिला. येशूच्या डोंगरावरील प्रवचनाने त्यांचे मन जिंकले आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्याची किंमत जबर होती. नातलग तुटले, पत्नी लक्ष्मीबाई काही वर्षे दुरावल्या. पुढे दोघे पुन्हा एकत्र आले आणि १९०० साली लक्ष्मीबाईंनीही बाप्तिस्मा घेतला.

अहमदनगरला टिळक धर्मशिक्षण देऊ लागले, १९१२ पासून ‘ज्ञानोदया’चे संपादक झाले. धर्म बदलला, पण अभंग आणि ओवी त्यांनी सोडली नाही. ख्रिस्ती परंपरेने जसे हिब्रू संदेष्टे वाचले, तसे त्यांनी संत वाचले. आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, संतांची वाणी हाच आपला पहिला जुना करार, अशी त्यांची धारणा होती.

येथे एक प्रश्न मला सोडत नाही. ज्यू माणसाला आपला तोरा ‘जुना’ वाटत नाही. मग वारकऱ्याला तुकोबा नुसता पूल कसा वाटेल? टिळकांचा हा अर्थ त्याला पटणे कठीण. तथापि, नव्या श्रद्धेसाठी पूर्वजांची वाणी खोटी ठरवण्याची गरज टिळकांना भासली नाही, हे त्यांचे मोठेपण मला मोलाचे वाटते.

१९१७ मध्ये मिशनचे वेतन सोडून ते साताऱ्यास गेले व त्यांनी ‘देवाचा दरबार’ स्थापला. बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या अशा दोन्ही भक्तांना तेथे जागा होती. ९ मे १९१९ रोजी त्यांचे निधन झाले. अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ लक्ष्मीबाईंनी पूर्ण केले. मित्रहो, ग्रंथ सर्वांपुढे तोच असतो. त्याचा अर्थ लावताना आपण कोणाला आपले म्हणतो आणि कोणाला परके करतो, यावर आपली ओळख ठरते. टिळकांनी शक्य तितक्यांना आपले म्हटले.