सेसिल ऱ्होड्स

सेसिल जॉन ऱ्होड्स (५ जुलै, १८५३ – २६ मार्च, १९०२) हे दक्षिण आफ्रिकेतील हिरे उद्योजक, ब्रिटिश साम्राज्यवादी राजकारणी आणि केप वसाहतीचे पंतप्रधान होते. ऑक्सफर्ड विद्यापीठातील ऱ्होड्स शिष्यवृत्ती त्यांच्या मृत्युपत्रान्वये सुरू झाली.

जीवन

ऱ्होड्स यांचा जन्म इंग्लंडमधील बिशप्स स्टॉर्टफर्ड येथे एका धर्मोपदेशकाच्या कुटुंबात झाला. प्रकृती नाजूक असल्याने १८७० मध्ये त्यांना नाताळ येथे थोरल्या भावाच्या कापसाच्या मळ्यावर पाठवण्यात आले. पुढील वर्षी ते किंबर्लीच्या हिऱ्यांच्या खाणींकडे वळले. १८७३ मध्ये त्यांनी ऑक्सफर्डच्या ओरिएल महाविद्यालयात प्रवेश घेतला. मात्र व्यवसायामुळे शिक्षणात वारंवार खंड पडून त्यांना १८८१ मध्ये पदवी मिळाली. १८८८ मध्ये त्यांनी डी बीअर्स कन्सॉलिडेटेड माइन्स ही कंपनी स्थापन केली. जगातील बहुतांश हिरे उत्पादन लवकरच तिच्या ताब्यात आले.

राजकीय कारकीर्द

१८९० ते १८९६ या काळात ऱ्होड्स केप वसाहतीचे पंतप्रधान होते. १८९२ च्या कायद्याने मताधिकारासाठी मालमत्तेची अट २५ पौंडांवरून ७५ पौंडांवर नेण्यात आली. त्यामुळे अनेक कृष्णवर्णीयांचा मताधिकार गेला. १८९४ च्या ग्लेन ग्रे कायद्याने आफ्रिकी लोकांच्या जमीनधारणेवर मर्यादा घातल्या आणि त्यांना मजुरीकडे ढकलण्यासाठी कर लादला. १८८९ मध्ये सनद मिळालेल्या त्यांच्या ब्रिटिश साउथ आफ्रिका कंपनीने १८९३ मध्ये राजा लोबेंगुला यांचे एन्डेबेले राज्य जिंकले. त्या प्रदेशाला ऱ्होडेशिया हे नाव मिळाले. ट्रान्सवालवरील जेम्सन यांची चढाई फसल्यानंतर १८९६ मध्ये ऱ्होड्स यांना पद सोडावे लागले. ते अविवाहित होते. म्यूझनबर्ग येथे त्यांचे निधन झाले व मातोबो टेकड्यांत दफन करण्यात आले.

ऱ्होड्स शिष्यवृत्ती

मृत्युपत्रात ऱ्होड्स यांनी ओरिएल महाविद्यालयाला १,००,००० पौंड दिले आणि ब्रिटिश वसाहती, अमेरिका व जर्मनीतील तरुणांसाठी शिष्यवृत्त्यांची तरतूद केली. विद्वत्तेबरोबरच खेळ, चारित्र्य व नेतृत्वगुण हे निवडीचे निकष होते. १९०३ मध्ये पहिले विद्यार्थी ऑक्सफर्डला दाखल झाले. वंशाच्या कारणावरून कोणालाही अपात्र ठरवू नये, असे कलम मृत्युपत्रात होते. परंतु ते मुख्यतः इंग्रज व बोअर यांना उद्देशून असल्याचे अनेक इतिहासकार मानतात. तरीही १९०७ मध्ये ॲलन लॉक हे आफ्रिकी-अमेरिकन विद्यार्थी निवडले गेले. स्त्रियांना मात्र १९७७ पर्यंत थांबावे लागले. माथेरान येथे जन्मलेले नाटककार गिरीश कर्नाड हे या शिष्यवृत्तीच्या भारतीय मानकऱ्यांपैकी एक होत.

वारसा

१९८० मध्ये दक्षिण ऱ्होडेशिया झिंबाब्वे या नावाने स्वतंत्र झाला. २००२ मध्ये ऱ्होड्स न्यासाच्या सहकार्याने आफ्रिकी विद्यार्थ्यांसाठी मंडेला ऱ्होड्स प्रतिष्ठान स्थापन झाले. ऱ्होड्स यांची संपत्ती कृष्णवर्णीय मजुरांच्या श्रमांवर उभी राहिली होती. या कारणास्तव विद्यार्थ्यांनी केलेल्या आंदोलनानंतर ९ एप्रिल, २०१५ रोजी केप टाउन विद्यापीठातील त्यांचा पुतळा हटवण्यात आला. शिष्यवृत्ती आजही दिली जाते.